मृगाआधीचा नवरंग : कर्नाळा आणि फणसाड

शुक्रवार, कर्नाळा

नवरंग, म्हणजे इंग्रजीतला इंडियन पिट्टा, पाहायचा असेल तर रायगड जिल्ह्यातल्या जंगलांत मे संपून जून लागताना जावे, मृगाचा पाऊस धरण्याआधी. हिवाळाभर हा पक्षी दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो आणि तिथल्या झाडीच्या तळाशी पाचोळा धुंडाळत दिवस काढतो. पहाटे किंवा तिन्हीसांजेला घातलेली एखाददुसरी शीळ सोडली तर त्याचा पत्ता लागत नाही. एप्रिल-मेमध्ये तो रात्रीच्या रात्री उडत उत्तरेकडे सरकतो आणि सह्याद्री, मध्य भारत ते थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंतच्या जंगलांत विणीसाठी पसरतो. ठिकाणावर पोहोचला की तो आपली हद्द धरतो आणि ती राखण्यासाठी मोकळेपणी बोलू लागतो. जुलैत पाऊस लागला की रान माजते, पायवाटा बुजतात, घरटी मांडलेली असतात आणि अशा वेळी माणसाने आत न शिरलेलेच बरे. पक्षी बोलका झालेला आहे, पण घरट्यात गुंतलेला नाही आणि रानही अजून मोकळे आहे, असे दिवस वर्षातून मोजकेच मिळतात. ते साधावेत म्हणून मी आणि प्राणिशास्त्र शिकणारी माझी भाची आदल्या रात्री पनवेलला मुक्काम करून उजाडता उजाडता कर्नाळ्याच्या फाटकापाशी येऊन उभे राहिलो.

कर्नाळा १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. आजचे क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठे नाही आणि त्यातूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. फाटक उघडण्याची वाट पाहत असताना ट्रकच्या घरघरीतून आम्हाला पहिली शीळ ऐकू आली. दोनच सुरांची शीळ. पहिला सूर छोटा आणि वर चढणारा, दुसरा किंचित लांब आणि खाली उतरणारा, ‘व्हीट-ट्यूऽ’. मग काही क्षणांची शांतता आणि पुन्हा तीच शीळ, त्याच पट्टीत, तितक्याच जोरात. थोड्या वेळाने रस्त्याच्या पलीकडच्या उतारावरून दुसऱ्या पक्ष्याने तिला उत्तर दिले आणि पुढे बराच वेळ दोघांचे आळीपाळीने चालू राहिले.

या शिळेवर विसंबता येते, त्याला कारण आहे. बहुतेक गाणारे पक्षी आपले गाणे थोरांचे ऐकून शिकतात, त्यामुळे त्यात मुलखागणिक फरक पडतो आणि उसन्या सुरांची भरही पडते. नवरंगाचे कुळ पक्ष्यांच्या ज्या शाखेत मोडते, त्या शाखेत आवाज उपजत असतो. तो शिकावा लागत नाही. भारतात या शाखेतले पक्षी फार थोडे, नवरंगाचे भाऊबंद आणि ईशान्येकडचे रुंद चोचीचे ब्रॉडबिल एवढेच. म्हणून तमिळनाडूतल्या चिंचेखाली ऐकलेली शीळ आणि कर्नाळ्याच्या उतारावर ऐकलेली शीळ यांत कानाला फरक जाणवत नाही. एकदा नीट ऐकून मनात ठसवली की ती आयुष्यभर पुरते.

फसगत होऊ शकते ती दुसऱ्या बाजूने. शेपटीला दोन लांब तारा असलेला भृंगराज हा पट्टीचा नकलाकार आहे आणि ज्या रानात नवरंग बोलतो, त्याच रानात तोही राहतो. त्याने नवरंगाची शीळ उचलली तर एखादी हाक अगदी हुबेहूब वाटते. परंतु नकलाकार एका सुरावर टिकत नाही, दोन-चार हाकांनंतर तो स्वतःचे धातूसारखे खणखणीत स्वर किंवा आणखी कोणा पक्ष्याचा आवाज मध्ये घालतोच. नवरंग दुसरे काहीही न मिसळता तेच ते बोलत राहतो. ओढ्याकाठी पहाटे लांबलचक, भटकत जाणारी शीळ ऐकू आली, एखादा माणूस स्वतःशीच शीळ घालत चालल्यासारखी, तर तो शीळकरी कस्तूर समजावा. तिथे संभ्रमाला जागा नाही.

फाटक उघडल्यावर आम्ही मोरटाका निसर्गमार्ग धरला. ही वाट झाडीतून वर-खाली होत जाते आणि सुट्टीच्या दिवसांतही तिच्यावर गडावर जाणाऱ्यांची गर्दी नसते. वाटेत श्यामा गात होता आणि स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर दोनदा लांब शेपूट फडफडवत आडवा गेला. त्यांच्याविषयी लिहायला मला आवडले असते, पण हा लेख त्यांचा नव्हे. शीळ आता अगदी जवळून येत होती. भाची झुडपांच्या बुडाशी दुर्बीण लावून बसली, कारण पुस्तकात नवरंग जमिनीवरचा पक्षी असे लिहिलेले असते आणि ते बरोबरही आहे. तो जमिनीवर चरतो, कीटक, त्यांच्या अळ्या आणि गांडुळे जमिनीतच शोधतो आणि धोका जाणवला तर बहुधा उड्या मारत झुडपात शिरतो. परंतु बोलायची वेळ आली की तो झाडावर चढतो. पाच-दहा मीटर उंचीची, पानांनी झाकलेली एखादी आडवी फांदी निवडतो, तिच्यावर उभा राहतो आणि मान पार मागे टाकून, चोच आभाळाकडे करून शीळ घालतो. जमिनीवर नजर खिळवून बसलेल्या किती तरी निरीक्षकांच्या डोक्यावरच तो असतो. मी भाचीला वर पाहायला सांगितले.

पक्षी दिसला तो ऐनाच्या फांदीवर, प्रकाशाच्या उलट बाजूला, नुसता काळा आकार म्हणून. आकार मात्र बोलका होता. अंग गोलसर आणि भरीव, पाय शरीराच्या मानाने लांब, उभे राहण्याची ढब ताठ आणि शेपूट इतकी आखूड की पंखांची टोके जवळपास तिच्याशी येऊन भिडलेली. प्रत्येक शिळेबरोबर मान मागे जाई आणि शीळ संपली की ती आखूड शेपूट सावकाश खाली-वर होई. १७६६ साली लिनियसने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याने त्याला कावळ्यांच्या गटात बसवले, जे पुढे बदलावे लागले. पण नावात नोंदलेले ‘आखूड शेपटीचा’ हे लक्षण आजही टिकून आहे आणि माझ्या मते ते अचूक टिपलेले आहे. आम्हाला एकही रंग दिसला नव्हता. तरीही ओळख पक्की होती आणि मला भाचीला नेमके हेच दाखवायचे होते. नवरंगाच्या रंगांची इतकी ख्याती झाली आहे की लोक रंगच शोधत जातात आणि समोर असलेला पक्षी त्यांच्या नजरेतून सुटतो. रानात रंग सर्वांत शेवटी कळतात. आधी आवाज, मग आकार, मग चाल.

नऊच्या सुमारास ऊन चढले आणि शिळा थांबल्या. आम्ही पेण-नागोठणे करत रोह्याला गेलो आणि संध्याकाळी फणसाडलगतच्या सुपेगावी पोहोचलो.

शनिवार, फणसाड

फणसाडचे रान जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीसाठी राखलेले होते आणि त्यामुळेच ते टिकले. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. समुद्र जवळ असूनही आत गेल्यावर खाऱ्या वाऱ्याचा मागमूस राहत नाही. अंजनी, ऐन, किंजळ आणि जांभळाची झाडी, त्यांवर चढलेले गारंबीचे मनगटाहून जाड वेल आणि खाली पाचोळ्याचा थर. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात आणि मे महिन्याच्या अखेरीला रानातले सगळे जीवन या गाणींभोवती गोळा झालेले असते. गावातले एक अनुभवी काका आमच्याबरोबर वाटाडे म्हणून आले होते. चिखलगाणीच्या थोडे अलीकडे, वाट जिथे वळते तिथे, त्यांनी आम्हाला एका झाडाच्या बुंध्याशी बसवले आणि भाचीला म्हणाले, “ताई, आता हलायचं नाही. आपण शोधायला गेलो तर तो पुढे पुढे जातो. बसून राहिलो तर आपणहून येतो.” नवरंग कसा पाहावा यावर याहून नेमकी सूचना मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती अशी, की पाचोळ्याचा प्रत्येक आवाज वेगळा असतो. काही वेळाने डावीकडच्या करवंदीच्या जाळीमागे खसखस सुरू झाली, सलग आणि जोरकस, दोन्ही पायांनी जमीन उकरल्याचा आवाज. काकांनी ओठांनीच ‘चकोत्री’ म्हटले. थोड्या वेळात जोडी उघड्यावर आली. लहान कोंबडीएवढी, तांबूस अंगाची, डोळ्याभोवती लाल उघडी कातडी आणि पायही लाल. नराचे डोके-मान करड्या झाकेची, मादीच्या अंगावर काळ्या रेघोट्या जास्त. चकोत्रीसुद्धा लाजाळू आणि जमिनीवरची, पण आकाराने नवरंगाच्या दुप्पट लांब आणि चालीने पूर्ण वेगळी: ती पावले टाकत चालते आणि बिचकली की मान खाली घालून पळते. नवरंग कधी पळत नाही. तो उड्या मारतो.

चकोत्री गेल्यावर जो दुसरा आवाज आला त्याने भाची सावरून बसली. एक एक पान चोचीने बाजूला भिरकावल्याचा कोरडा टक्-टक् आवाज होता. दुर्बिणीत आला तो कस्तुर, पण शीळकरी नव्हे, दुसरा. नारिंगी डोके आणि पोट, पाठ निळसर करडी, गळा-गाल पांढरे आणि गालावर दोन उभ्या गडद पट्ट्या, ही आपल्याकडच्या उपजातीची खूण. नवरंगाशी घोटाळा होण्याजोगा या रानात कोणी असेल तर तो हाच, कारण जागा तीच, खाद्य तेच, चरण्याची पद्धत बरीचशी तशीच आणि अंधारात ओझरते दिसणारे नारिंगी पोटही तसेच. पण कस्तुराला व्यवस्थित लांब शेपूट असते, तो आडवा उभा राहतो आणि गालावरच्या पट्ट्या उभ्या असतात. नवरंगाची काळी पट्टी चोचीपासून डोळ्यावरून मानेकडे आडवी जाते. पट्टी उभी की आडवी, एवढे एक पाहिले तरी प्रश्न सुटतो.

नवरंग आला तेव्हा आवाज असा झालाच नाही. ओल्या मातीच्या कडेला, गाणीतून पाझरलेल्या पाण्याजवळ, आधी काही नव्हते आणि मग तिथे एक पांढरा ठिपका होता. तो त्याचा गळा. अंधाऱ्या रानतळावर सर्वांत आधी उठून दिसतो तो हा पांढरा गळा आणि मानेची बाजू. निळा, लाल, हिरवा हे रंग नंतर. पाठ हिरवी असते, पण सावलीत ती शेवाळाच्या आणि ओल्या पानांच्या रंगात मिसळून जाते, त्यामुळे पक्षी पाठमोरा झाला की दिसेनासा होतो. याने दोन उड्या घेतल्या, थांबला, मान किंचित तिरकी केली, मातीत चोच खुपसली आणि एक लांब गांडूळ ओढून काढले. ते मागे झुकून ओढताना त्याच्या शेपटीखालचा भाग आमच्याकडे झाला आणि तेव्हा तो प्रसिद्ध लाल रंग दिसला: पोटाच्या मागच्या भागापासून शेपटीच्या बुडापर्यंत गडद, तापलेला लाल. गांडूळ जमिनीवर दोन-तीनदा आपटून त्याने गिळले आणि तो ताठ उभा राहिला.

आता तो आमच्या समोर, फार तर १२ मीटरवर, उघड्यावर होता आणि मी भाचीला हळू आवाजात डोक्यापासून पाहायला सांगितले, कारण नवरंगाची पक्की ओळख डोक्यात आहे. माथ्याच्या मधोमध काळी पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना बदामी पट्टे, त्यांच्याखाली भुवईची बारीक पांढरी रेघ आणि तिच्याखाली डोळ्यावरून जाणारी रुंद काळी पट्टी. मग पांढरा गळा आणि बदामी छाती-पोट. खांद्यावर चकाकणारा आकाशी निळा ठिपका, शेपटीच्या वरच्या पिसांवर तसाच निळा आणि खुद्द शेपूट काळी, टोकाला निळी. पाय फिकट गुलाबी, लांब. नर आणि मादी दिसायला सारखेच, त्यामुळे एकट्या पक्ष्यावरून लिंग सांगण्याच्या भानगडीत पडू नये. पिल्लांचे रंग फिकट आणि मळकट असतात, परंतु डोक्यावरच्या पट्ट्यांचा आराखडा आणि आखूड शेपूट त्यांच्यातही कळते.

परतताना भाचीने विचारले, “मामा, पिट्टा तर भारतात आणखीही आहेत ना? मग हा तोच, हे कशावरून?” प्रश्न योग्य होता. सुंदरबन आणि ओडिशातल्या भितरकनिकाच्या खारफुटीत नवरंगाचा एक जवळचा भाऊबंद राहतो. त्याची चोच जाड असते, माथा तपकिरी असतो आणि भुवईची पांढरी रेघ नसते. ईशान्येकडे हिरव्या अंगाचा, काळ्या डोक्याचा आणि निळ्या मानेचा असे आणखी प्रकार आहेत. पण महाराष्ट्रात आणि एकूणच पश्चिम घाटात या कुळातला नियमितपणे आढळणारा पक्षी एकच आणि तो म्हणजे नवरंग. त्यामुळे कोकणात हा पक्षी पिट्टा आहे एवढे ठरले की जात आपोआप ठरते. जी काळजी घ्यायची ती कस्तुराशी घोटाळा टाळण्यापुरती.

दुपार कोरडी गेली. जांभळाच्या शेंड्यावर शेकरू ओरडत राहिले आणि पावशा सारखा ‘पेरते व्हा’ सांगत होता. उकाडा असह्य होता, पण आभाळ पश्चिमेकडून भरून येत होते.

रविवार, फणसाड

रात्री वळवाची एक सर येऊन गेली आणि पहाटे रानाचा नूर पालटला. पाचोळ्याचा खडखडाट गेला, मातीला वास आला आणि अजून अंधार असतानाच शिळा सुरू झाल्या. ढगाळ सकाळी नवरंग उन्हाच्या सकाळीपेक्षा उशिरापर्यंत बोलतो, हे त्या दिवशी चांगलेच प्रत्ययाला आले. नेहमी ज्या वेळी सगळे शांत होते, त्या वेळीही वेगवेगळ्या दिशांनी तीन पक्षी एकमेकांना उत्तरे देत होते. अशा वेळी ऐकणाऱ्याने कागदावर आपली जागा मांडून प्रत्येक शीळ कुठून येते त्याची खूण करावी. पक्षी आपल्या ठरलेल्या दोन-तीन फांद्यांवरूनच बोलत असल्याने थोड्या वेळात कोणाची हद्द कुठे संपते याचा अंदाज येतो. न पाहता केलेली ही नोंद पाहून केलेल्या नोंदीइतकीच मोलाची आहे आणि तिच्यात पक्ष्याला काडीचाही त्रास नाही.

त्रासाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. सकाळी उशिरा कॅमेरे घेतलेला एक गट वाटेवर भेटला. त्यांनी मोबाईलला छोटा स्पीकर जोडून नवरंगाची शीळ वाजवायला घेतली आणि काही मिनिटांत एक पक्षी त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन मान मागे टाकून बोलू लागला. छायाचित्रे नक्कीच सुंदर आली असतील. परंतु तो पक्षी आनंदाने आलेला नव्हता. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला अशी त्याची समजूत झाली होती. शेकडो किलोमीटर उडून आल्यावर त्याला जोडीदार मिळवायचा असतो, घरटे बांधायचे असते, स्वतःचे पोट भरायचे असते आणि हे सर्व सोडून तो एका नसलेल्या शत्रूशी झगडत राहतो. त्या गटाची गाडी गेल्यावरही तो बराच वेळ त्याच फांदीवर अस्वस्थपणे शीळ घालत होता. विणीच्या हंगामात ध्वनिमुद्रण वाजवून नवरंगाला बोलावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि काकांनीही गावी येणाऱ्यांना हेच सांगायला सुरुवात केली आहे. ज्याला शनिवारी आम्ही बसलो तसे बसता येते, त्याला स्पीकरची गरज पडत नाही.

दुपारनंतर चिखलगाणीहून परत येताना वाटेपासून थोड्या अंतरावर एक नवरंग चोचीत वाळलेले पान धरून बसलेला दिसला. तो खाली उतरला, झुडपाच्या मागे गेला आणि रिकाम्या चोचीने परत आला. काका तिथेच थांबले आणि त्यांनी हातानेच मागे फिरा असे खुणावले. नवरंगाचे घरटे वाळलेली पाने, गवत आणि मुळ्या यांचा मोठा गोल गोळा असतो, बाजूने आत जायला तोंड ठेवलेले, कधी जमिनीवर, कधी झुडपाच्या बेचक्यात फार उंच नसलेल्या जागी. दुरून तो पाचोळ्याचा ढीगच वाटतो आणि पक्ष्याची सारी भिस्त त्या वाटण्यावर असते. आत चार-पाच पांढरी चकचकीत, बारीक ठिपक्यांची अंडी घातली जातात आणि नर-मादी दोघेही आळीपाळीने उबवतात. माणसाने दोनदा-तीनदा जाऊन झुडपे वाकवली की त्या वाटेने मुंगूस आणि मांजरेही जातात. भाचीला घरटे पाहायची फार इच्छा होती. तिने वहीत जागा न लिहिता फक्त ‘पान नेताना पाहिला’ अशी नोंद केली आणि त्या वाटेने आम्ही पुन्हा गेलो नाही.

सोमवार, नांदगाव

परतीच्या वाटेवर किनाऱ्यालगतच्या नांदगावात काकांच्या नात्यातल्या एका आजोबांकडे चहाला थांबलो होतो. नारळी-पोफळीची वाडी, तिला लागून घर आणि घराच्या मागच्या बाजूला नव्याने बसवलेली मोठी काचेची खिडकी. आम्ही पक्षी पाहायला आलो होतो हे कळल्यावर आजोबा म्हणाले, “मग जरा इकडे या. पहाटे पडवीत एक पाखरू पडलेलं सापडलं. अंगावर सगळे रंग आहेत, पण उडत नाही.” त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने सुती कापड घालून त्याला ठेवले होते आणि वरून झाकून खोके देवघरामागच्या अंधाऱ्या खोलीत नेले होते. त्यांनी केलेली प्रत्येक गोष्ट बरोबर होती.

नवरंग रात्री प्रवास करतो आणि उजेडाकडे ओढला जातो. स्थलांतराच्या काळात, म्हणजे एप्रिल ते जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर, मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही इमारतींच्या आवारात, बागांत, कधी थेट घरात थकलेले किंवा काचेवर आपटलेले नवरंग सापडतात, ते यामुळेच. जंगलात वर्षानुवर्षे न दिसलेला पक्षी कित्येकांना पहिल्यांदा दिसतो तो असा हातात. अशा पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये, त्याला भात-पोळी भरवू नये, मुलांनी हाताळू नये आणि त्याच्याबरोबर छायाचित्रे काढत बसू नये. हवा जाईल अशा खोक्यात, अंधारात आणि शांत जागी दोन-तीन तास ठेवले तर नुसता धक्का बसलेला पक्षी बहुतेक वेळा सावरतो. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल किंवा काही तासांनीही तो उभा राहत नसेल तर वनविभागाला कळवावे.

खोक्याचे झाकण आम्ही बोटभरच उचलले. पक्षी पायांवर उभा होता, डोळे टक्क उघडे, आणि आम्हाला पाहताच त्याने पंख अर्धवट उघडला. त्या क्षणी भाचीला एक खूण दिसली, जी रानात बसलेल्या पक्ष्यावर दिसत नाही: पंखाच्या काळ्या मोठ्या पिसांवर एक शुभ्र पांढरा पट्टा. पंख मिटले की तो झाकला जातो. वाटेवरून पुढे उडून जाणारा, खालून झपकन आडवा जाणारा नवरंग ओळखायचा तो याच पट्ट्यावरून. गडद पंखांत पांढरा ठिपका चमकतो आणि पक्षी झाडीत नाहीसा होतो. शनिवारी आणि रविवारी असे दोन-तीन ओझरते पक्षी आम्ही ‘ओळख नाही’ म्हणून सोडून दिले होते. भाचीने वही काढली, त्यातल्या ज्या नोंदीपुढे ‘पंखात पांढरे’ असे लिहिलेले होते ती नवरंगाच्या खात्यात घातली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या.

दुपारी चारच्या सुमारास खोक्यात पक्षी उड्या मारू लागल्याचा आवाज आला. वाडीच्या मागे ओढ्याकाठी दाट झाडी आहे, माणसांची आणि मांजरांची ये-जा नाही, अशी जागा आजोबांनी सांगितली. खोके तिथे जमिनीवर ठेवून, झाकण उघडून आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. पक्षी कडेवर आला, तिथे थोडा वेळ ताठ उभा राहिला, शेपूट दोनदा खाली-वर केली आणि जमिनीलगत उडत झाडीत शिरला. पंखातला पांढरा पट्टा या वेळी सगळ्यांना दिसला. परत आल्यावर आजोबांनी काचेविषयी विचारले. रात्री पडवीतला दिवा विनाकारण चालू ठेवू नये आणि काचेच्या बाहेरून, तिला न चिकटता, जाळी ताणून लावावी म्हणजे पक्षी आपटला तरी जाळीवर आपटेल, असे मी सुचवले. त्यांच्या नातवाने माळ्यावरची जुनी मच्छरदाणी काढली आणि आम्ही मुंबईच्या रस्त्याला लागण्याआधी खिडकीच्या चौकटीवर खिळे ठोकून ती लावलीसुद्धा.